तारेची वाट, नळाचा वायू

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी नवी मुंबईतल्या उलव्याला दोन नव्या वाटा मिळाल्या. शिवडीहून समुद्र ओलांडून येणाऱ्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याचा एक उतार उलव्याशेजारी शिवाजीनगरला आला. त्याच दिवशी, २०१८च्या नोव्हेंबरपासून खारकोपरपर्यंतच धावणारी लोकल पुढे उरणला पोहोचली. एका वाटेवर पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी जळतो. दुसरीवर डोक्यावरच्या तारेतून वीज येते. पुढे दोन वर्षे व्हायच्या आत, उलव्याची टेकडी कापून सपाट केलेल्या जागेवरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. दक्षिणेला न्हावा-शेवा बंदर आहे. बस, मालट्रक, लोकल, विमान आणि जहाज ही सगळी साधने इतक्या जवळजवळ असलेली ठिकाणे देशात फार नाहीत. म्हणून हायड्रोजन हे वाहतुकीचे व्यवहार्य इंधन ठरेल का, हा प्रश्न उलव्यातून पाहण्यासारखा आहे. इथे तो आजच्या घोषणांपुरता राहत नाही, त्याला दीडशे वर्षांचा मागचा हिशेब मिळतो. या किनाऱ्यावर हायड्रोजन केव्हाच आला, मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आणि कच्चा माल म्हणून त्याने चोख काम केले. गाडी चालवायला मात्र त्याला जेव्हा जेव्हा पुढे केले गेले, तेव्हा तार किंवा बॅटरी त्याच्या आधी पोहोचली. यात योगायोगाचा भाग थोडा आहे. कारणे बहुतेक पदार्थविज्ञानाची आणि पैशाची आहेत.

मुंबईत हायड्रोजन पहिल्यांदा आला तो स्वतःच्या नावाने नव्हे. १८६५च्या ऑक्टोबरात बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे शहराच्या रस्त्यांवर लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला असे, आणि अशा गॅसमध्ये आकारमानाने जवळजवळ निम्मा हायड्रोजन असतो. म्हणजे हायड्रोजनचे मिश्रण तयार करणे, साठवणे, रस्त्याखालच्या नळांतून फिरवणे आणि दारापर्यंत नेणे, हे सारे या शहराने एकोणिसाव्या शतकात करून पाहिले आहे. हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या संयोगातून वीज काढणारा फ्युएल सेलही नवा नाही. विल्यम ग्रोव्ह यांनी त्याचे तत्त्व १८३९मध्येच दाखवले होते. गॅसदिवे पुढे मागे पडले, ते गॅस निकामी होता म्हणून नाही. दिव्याला प्रकाश हवा होता, आणि तारेतून आलेली वीज तो प्रकाश कमी खटाटोपात देत होती.

ही वीज आली सह्याद्रीतून. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२मध्ये, भिऱ्याचे १९२७मध्ये. घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी कोकणात उतरताना वीज देई आणि ती मुंबईच्या गिरण्यांत जाई. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि ती धावली हार्बर मार्गावर. उलव्यातून आज नेरूळ-बेलापूरकडे जाणारी लोकल त्याच मार्गाला जोडलेली आहे. १९२९ संपण्याच्या आत विजेच्या गाड्या घाट चढून पुण्याला पोहोचल्या होत्या. इंधन गाडीत भरून न्यायचे की शक्ती बाहेरून पुरवायची, या प्रश्नाचे एक उत्तर या पट्ट्याने शंभर वर्षांपूर्वी निवडले. रोज लाखो माणसे नेऊन ते उत्तर अजून टिकून आहे.

हायड्रोजनची खरी कामगिरी सुरू झाली ती कारखान्यात. १९७४मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. तेलाबरोबर वायूही होता. तो समुद्राखालच्या नळातून उरणला आला. त्यातला काही तुर्भ्याच्या खत कारखान्याला मिळाला, काही अलिबागजवळच्या थळला, जिथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८५च्या सुमारास चालू झाला. तिथे नैसर्गिक वायूवर तप्त वाफ सोडून हायड्रोजन मोकळा करतात, मग हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया करतात, आणि अमोनियापासून युरिया. थळच्या अमोनियाच्या दोन साखळ्यांची मूळ क्षमता रोज प्रत्येकी १,३५० टन. एका टन अमोनियात सुमारे १७६ किलो हायड्रोजन असतो, म्हणजे या एका कारखान्याला रोज पावणेपाचशे टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो. बसच्या भाषेत सांगायचे तर रोज २०० किलोमीटर धावणाऱ्या सुमारे २८,००० हायड्रोजन बसगाड्यांचे ते इंधन आहे; एसटीच्या सगळ्या ताफ्याहून जास्त. शेतकऱ्याला गोणीतला युरिया दिसतो, त्यामागचा हायड्रोजन दिसत नाही. जिथे बनतो तिथेच तो खर्ची पडतो. टाकीत दाबून भरायचा नाही, ट्रकने न्यायचा नाही, पंपावर साठवायचा नाही. त्याच्या यशाचे निम्मे कारण हेच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. सीएनजीलाही पूर्वी लोक अव्यवहार्य म्हणत. आज मुंबई महानगरातल्या रिक्षा आणि टॅक्सी त्याच्यावर चालतात, मग हायड्रोजनचे तसे का होऊ नये? तुलना योग्य आहे, म्हणून ती नीट तपासली पाहिजे. महानगर गॅस १९९५मध्ये स्थापन झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९९च्या डिसेंबरात व्ही. एम. लाल समिती बसली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवणारे निर्णय पुढे झाले. पण न्यायालयाच्या आदेशाने वायू निर्माण होत नसतो; तो आधीच बॉम्बे हायवरून येऊन दाराशी थांबला होता. शिवाय जुन्या पेट्रोल इंजिनाला टाकी आणि किट बसवून काम भागत होते. हायड्रोजनच्या बाबतीत यातले काहीच हाताशी नाही. तो बनवावा लागतो, आणि बनवायला जी वीज लागते ती सरळ गाडीतच भरता येते. सारख्याच दाबाला त्याच्या घनमीटरात नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा मावते. म्हणून सीएनजीची टाकी दोनशे-अडीचशे बार दाबावर भागते, तर हायड्रोजनला ३५० किंवा ७०० बार लागतात.

तरीही आपल्याकडे या वाटेवर मोठ्या उमेदीने पाऊल टाकले गेले, आणि तो अध्याय विसरला जाता कामा नये. २००३मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ नेमले. रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने आराखडा केला आणि २००६मध्ये तो स्वीकारला गेला. उद्दिष्ट होते २०२०पर्यंत देशाच्या रस्त्यांवर हायड्रोजनची दहा लाख वाहने, त्यात बहुतांश दुचाकी आणि तीनचाकी. पंपावर हायड्रोजन किलोला साठ-सत्तर रुपयांना मिळावा अशी अपेक्षा होती. त्यासाठी कामही झाले. बनारस हिंदू विद्यापीठात धातूच्या भुकटीत हायड्रोजन शोषून साठवणाऱ्या मोटारसायकली चालवून पाहिल्या गेल्या. महिंद्रने दिल्लीच्या आयआयटीबरोबर हायड्रोजनवरची तीनचाकी बनवली. २०१२मध्ये तिचा छोटा ताफा दिल्लीच्या प्रगती मैदानात फिरला. टाटा मोटर्स आणि इस्रो यांची बस २०१३मध्ये महेंद्रगिरीला धावली. २०२० उजाडले तेव्हा दहा लाखांच्या जागी अशी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी प्रयोगाची वाहने होती. दरम्यान उत्तरेतल्या शहरांत कोणत्याही आराखड्याशिवाय, साध्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांवरच्या ई-रिक्षा गल्लोगल्ली पसरल्या होत्या. ज्या तीनचाकीसाठी हायड्रोजनची योजना आखली होती, तिची जागा ई-रिक्षांनी न विचारताच घेतली.

पुढचे सगळे ज्या हिशेबावर उभे आहे तो आता मांडायला हवा. उलव्यातून रोज २०० किलोमीटर फिरणारी एक शहरी बस घेऊ. विजेच्या बसला चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागते, म्हणजे दिवसाला सुमारे २८० युनिटे. हायड्रोजनच्या बसला शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो हायड्रोजन लागतो, दिवसाला सतरा किलो. पाण्याचे विघटन करून एक किलो काढायला ५० ते ५५ युनिटे, वर तो दाबून टाकीत भरायला आणखी काही. म्हणजे दिवसाला साडेनऊशे युनिटांच्या पुढे. तोच रस्ता, तेच प्रवासी, तीच थांब्यांची रांग, आणि वीज साडेतीन पट. युनिटला सात रुपये धरले तर एका बसमागे रोजचा फरक पावणेपाच हजार रुपयांच्या घरात जातो, आणि यात पाण्याचे विघटन करणारे यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलायझर, दाबयंत्र आणि पंप यांची किंमत धरलेलीच नाही. यंत्रे स्वस्त होतील, सौरऊर्जा झाली तशी, असे सांगितले जाते. यंत्रे जरूर स्वस्त होतील. पण बाहेरून उष्णता न देता एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला सुमारे ३९ युनिटांहून कमी वीज पुरणारच नाही. ही मर्यादा कारखान्याची नाही, पाण्याच्या रेणूची आहे. आणि वीज स्वस्त झाली तर ती विजेच्या बसलाही स्वस्तच मिळेल.

पुण्याच्या कामाचा इथे आदराने उल्लेख केला पाहिजे. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची विद्युत-रसायन संस्था आणि केपीआयटी यांनी मिळून फ्युएल सेल इथे घडवला. २०२०मध्ये तो बसवलेली मोटार चालली. ३५० बारच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि त्यावर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पल्ला. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात त्याच कुळातली बस लोकांसमोर आली. परदेशातून यंत्र आणून वर आपला शिक्का मारण्यातला हा प्रकार नव्हता. पडदा, उत्प्रेरक आणि पट्ट्या यांची मांडणी करण्याचे शास्त्र इथे आत्मसात झाले, आणि पुढे हा फ्युएल सेल वाराणसीच्या प्रवासी बोटीपर्यंत गेला. हे ज्ञान वाया गेलेले नाही. पण ज्ञान मिळणे आणि ते बसमध्येच खर्च करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बस रोज रात्री ठरल्या आगारात परतते, तिचा मार्ग ठरलेला असतो. बॅटरीला याहून सोयीचे काम दुसरे नाही.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. कॅनडात २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी व्हिसलर गावात वीस हायड्रोजन बसगाड्या आणल्या गेल्या. त्यांचे इंधन देशाच्या दुसऱ्या टोकाच्या क्यूबेकमधून ट्रकने येई. २०१४मध्ये त्या थांबल्या. जर्मनीत ब्रेमरफोर्डेजवळ २०२२मध्ये हायड्रोजनच्या १४ गाड्यांचा मार्ग सुरू झाला, आणि वर्षभरातच त्या प्रांताच्या रेल्वे संस्थेने पुढच्या गाड्या बॅटरीच्या घेणार असे सांगितले. शेलने २०२४मध्ये कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. आपल्या रेल्वेने ऐतिहासिक मार्गांसाठी हायड्रोजन गाड्यांची योजना आखली, तिच्या यादीत नेरळ-माथेरानही आहे. गाडीमागे ८० कोटी आणि मार्गामागे ७० कोटी असा अंदाज २०२३मध्ये दिला गेला. १९०७ची ती २१ किलोमीटरची वळणावळणाची रेल्वे जपायलाच हवी. तिच्यासाठी एवढे महागडे इंधन हवे का, हे मात्र पुन्हा विचारावे लागेल.

हायड्रोजनच्या विरोधात दिली जाणारी काही कारणेही चुकीची आहेत, आणि ती मान्य करणे न्यायाचे होणार नाही. तो स्फोटक आहे म्हणून नको, असे म्हटले की १९३७च्या हिंडेनबर्ग विमाननौकेचे चित्र पुढे येते. हायड्रोजन डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ज्योतीने जळतो आणि फटीतून सहज निसटतो, हे खरे. २०१९मध्ये नॉर्वेतल्या एका पंपावर स्फोटही झाला. पण थळसारखे कारखाने त्याला रोज शेकडो टनांनी हाताळतात. शिस्त असेल तर तो हाताळता येतो. पाण्याचे कारणही असेच. हेटवणे धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या उलव्यात पाण्याची चिंता साहजिक आहे, पण एका किलोला नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरणातली घट धरली तरी एका बसचे रोजचे पाणी काही शे लिटरांतच राहील. खरी अडचण पाण्याची नाही, विजेची आहे.

लिथियमचा आक्षेप जास्त वजनदार आहे. बॅटरीचे सेल मुख्यतः चीनमधून येतात; तेलाचे परावलंबन सोडून हे नवे का जोडायचे? चिंता रास्त आहे. पण फ्युएल सेलला प्लॅटिनम लागते, अनेक इलेक्ट्रोलायझरना इरिडियम लागते, आणि हायड्रोजनच्या गाडीतही बॅटरी असतेच. परावलंबन टळत नाही, त्याचे नाव बदलते. दुपारची जास्तीची सौरवीज हायड्रोजनमध्ये साठवावी, असेही सुचवले जाते. तीन-चार तासच चालणारा इलेक्ट्रोलायझर उरलेले वीस तास भांडवल अडकवून बसतो. आणि विजेचे कोठार या भागाला सह्याद्रीने दिलेलेच आहे: घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालू आहे, आणि टाटा पॉवरने भिवपुरीला १,००० मेगावॉटचा हाती घेतला आहे. वर चढवलेल्या पाण्यातून तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज परत मिळते. हायड्रोजन करून पुन्हा वीज काढली तर तिसरा हिस्सा हाती लागणेही कठीण.

अवजड ट्रकचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. न्हावा-शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन बोरघाट चढणाऱ्या ट्रकला मोठी बॅटरी म्हणजे मालाच्या वजनात घट, आणि चार्जिंगचा वेळ म्हणजे फेरीत घट. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचे स्वतःचे धोरण ठरवले. मिशनखाली ३७ बस-ट्रकांच्या चाचण्या मंजूर झाल्या, त्यांच्या मार्गांत पुणे-मुंबईही आहे. टाटा मोटर्सच्या १६ ट्रकांच्या चाचणीला ४ मार्च २०२५ रोजी सुरुवात झाली, मुदत २४ महिन्यांपर्यंत. या चाचण्या योग्य आहेत, कारण प्रश्न खरा आहे. पण इथेही बॅटरी थांबून राहिलेली नाही. २०२५च्या सप्टेंबरात न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणारे ५० अवजड विजेचे ट्रक आले. रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवली की थांबण्याचा वेळ फारसा उरत नाही. अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५पासून विजेच्या मोटारी आणि बसगाड्यांना टोल माफ आहे. चाचणी संपेपर्यंत हायड्रोजन ट्रकला डिझेलशी नव्हे, या ट्रकांशी तुलना सोसावी लागेल.

विमान आणि जहाज यांचे गणित वेगळे आहे, कारण तिथे बॅटरीचे वजनच आड येते. एअरबसने २०३५पर्यंत हायड्रोजनचे विमान आणण्याचा संकल्प २०२०मध्ये केला होता; २०२५मध्ये तो पुढे ढकलला. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना ठेवावा लागतो. रॉकेटला ते परवडते, कारण तिथे प्रत्येक किलो वजन मोलाचे आणि किंमत दुय्यम असते. क्रायोजेनिक इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात, त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण रॉकेट एकदाच भरायचे असते. जहाजांना हायड्रोजन स्वतः नको, त्यापासूनचा अमोनिया किंवा मेथनॉल चालेल. मेथनॉलवरची कंटेनर जहाजे २०२३पासून समुद्रात आहेत. न्हावा-शेव्याला त्यांच्यासाठी टाक्या लागतील, तेव्हा हायड्रोजनला वाहतुकीत खरी जागा मिळेल.

त्याआधी एक काम उलव्याच्या समोर, खाडीपलीकडे आहे. माहूलच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेल-पेट्रोलमधले गंधक हायड्रोजननेच काढले जाते. १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली. म्हणजे अटल सेतूवरून जाणाऱ्या प्रत्येक डिझेल ट्रकमागे आजही हायड्रोजन खर्ची पडलेला असतो, आणि तो नैसर्गिक वायूसारख्या जीवाश्म इंधनांपासून येतो. अशा प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कर्बवायू हवेत जातो. नवीकरणीय विजेने पाण्यातून काढलेला हरित हायड्रोजन इथे वापरला तर नवा ट्रक नको, नवा पंप नको. जुना नळ नव्या यंत्राला जोडायचा. तुर्भ्याच्या सुफलासारख्या मिश्र खतांनाही हरित अमोनिया सरळ चालतो. युरियाचे तसे नाही: त्याला कर्बवायूही लागतो, आणि तो थळला वायूपासूनच मिळतो, म्हणून थळचा बदल अवघड आणि अर्धवटच होईल. दर मात्र आता प्रत्यक्ष निविदांतून कळू लागले आहेत. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यासाठी किलोला ३९७ रुपये. खत कारखान्यांच्या हरित अमोनियाच्या पहिल्या लिलावात, २०२५मध्ये, किलोला ५५ रुपये ७५ पैसे. २००६च्या आराखड्यातल्या साठ-सत्तर रुपयांशी ३९७ ताडून पाहावेत. आणि हा कारखान्याच्या दारातला भाव आहे, पंपावरचा नाही.

टाटांच्या ट्रकांची मुदत २०२७च्या मार्चपर्यंत पुरते. २००६च्या योजनेतल्या वाहनांचे काय झाले, किती धावली, किती उभी राहिली, याचा सलग हिशेब लोकांसमोर आला असता तर २०२३ची सुरुवात जास्त जाणत्या पायावर झाली असती. यावेळी तो जाहीर व्हायला हवा: बोरघाट चढताना टनामागे किती किलो हायड्रोजन लागला, तो कुठे बनला आणि किती वीज खाऊन बनला, पंपावर काय भावाने भरला, ट्रक किती दिवस दुरुस्तीत उभा राहिला, आणि त्याच रस्त्यावर, तेवढाच माल घेऊन बॅटरीच्या ट्रकला काय खर्च आला.